सांगून आलेले स्थळ

वसुबारसेच्या संध्याकाळी आमच्या घरी एक स्थळ सांगून आले. वस्तुतः घरात लग्नाचे कोणी उरलेले नाही. मुलगी पुण्यात संसाराला लागली, चिरंजीवांचे दोनाचे चार हात होऊनही तीन वर्षे झाली. तरी स्थळ आले, आणि तेही माझ्यासाठी. वयाच्या ६७ व्या वर्षी!

मी स्टुलावर उभा राहून आकाशकंदिलाची वायर खिळ्याला गुंडाळत होतो. खिशातला मोबाइल वाजला. उतरून पाहतो तो निरोप : 'अभिनंदन! आपल्यासाठी दीड लाख रुपयांचे पूर्वमंजूर क्रेडिट कार्ड तयार आहे. कागदपत्रांची दगदग नाही. ऑफर फक्त भाऊबीजेपर्यंत.' मी तो मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. आमच्या सौ. करंज्यांना मुरड घालीत होत्या. हात न थांबवता त्या म्हणाल्या,

"मुलीला न बघताच पसंती कळवणारं स्थळ आलं, की माझे वडील म्हणायचे, 'आधी मुलाची नीट चौकशी करा.'"

एरवी हा विनोद मी आळीत चार जणांना सांगून मोकळा झालो असतो. पण गेल्या वर्षीची भाऊबीज डोळ्यांपुढे आली आणि हसू जागच्या जागी विरले. ती हकीकत सांगण्यासाठीच हा लेख लिहायला बसलो आहे.

मी बारामतीचा. इथल्याच एका शाळेत चौतीस वर्षे मास्तरकी केली. गणित आणि इतिहास असे दोन विषय माझ्याकडे असत. धाकटी बहीण इंदापूरला दिलेली. भाऊबीजेला सकाळची एस.टी. धरायची, भवानीनगरच्या साखर कारखान्यावरून, दुतर्फा उसातून, निमगाव केतकी मागे टाकून जेवणवेळेच्या आत इंदापूर गाठायचे, हा माझा वर्षानुवर्षांचा नेम. गेल्या वर्षीही गेलो. पाटावर बसलो. ताईने सुपारी ओवाळली, मग अंगठी, मग निरांजन. तबक डोळ्यांपुढून फिरले, आणि माझ्या ध्यानात आले, की तिच्या हातांत नुसत्या काचेच्या बांगड्या वाजताहेत.

पाटल्या नव्हत्या. आमच्या आईच्या पाटल्या होत्या त्या. आईने शेवटच्या आजारात स्वतःच्या हातातून काढून ताईच्या हातात घातल्या, तेव्हा मी शेजारीच उभा होतो.

सणाच्या दिवशी विचारू नये म्हणून मी गप्प राहिलो. दुपारी भाऊजी जरा लवंडल्यावर ताईच स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन म्हणाली, "दादा, तू बघितलंस ना? गहाण आहेत. ह्याला काही बोलू नकोस हं, त्याचा काही दोष नाही."

'हा' म्हणजे माझा भाचा. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. पगार १८,००० रुपये. मुलगा सुपारीच्या खांडाचाही व्यसनी नाही. मग पाटल्या गेल्या कुठे? संध्याकाळी तोच माळ्यावरून एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आला. तीत बारा महिन्यांची बिले आणि तळाशी ते मूळ पत्रक होते : 'अभिनंदन! आपल्या पगार खात्यावर एक लाखाचे पूर्वमंजूर कार्ड!'

कार्ड आले तेव्हा त्याने ते कपाटात टाकून दिले होते. पुढे एका रात्री भाऊजींच्या पोटात असह्य कळा सुरू झाल्या. आतड्याचे ऑपरेशन तातडीने करायला हवे, अनामत भरा, असे दवाखान्याने सांगितले. रात्री दोन वाजता साठ हजार रुपये कुठून आणायचे? पोराने कपाटातले कार्ड काढले. भाऊजी वाचले. त्या रात्री त्या प्लॅस्टिकच्या तुकड्याने माझ्या बहिणीचे कुंकू राखले, हे मी सर्वांत आधी नमूद करतो. कार्ड म्हणजे साक्षात सैतान, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नव्हे.

घोटाळा झाला तो पुढे. महिनाअखेर बिल आले. त्यावर दोन आकडे होते. एक 'एकूण देय रक्कम', साठ हजारांच्या पुढची. आणि तिच्या खाली ठसठशीत अक्षरांत 'किमान देय रक्कम', तीन हजार रुपयांच्या आसपास. अठरा हजार पगाराच्या मुलाला कोणता आकडा आपला वाटेल? त्याला वाटले, हा हप्ता आहे. वीस हप्ते भरले, की साठ हजार फिटले! त्याने निष्ठेने तीन हजार भरायला सुरुवात केली. एकही तारीख चुकवली नाही. पाच महिन्यांनी पगार पुरेनासा झाला, तेव्हा आईने एक पाटली काढून दिली, पुढे दुसरी.

मी त्याला म्हटले, "वही आण."

वाचकहो, गणिताचा कंटाळा असेल त्यांनी एवढा एकच परिच्छेद सहन करावा. त्या कार्डाचे व्याज दरमहा साडेतीन टक्के होते. ऐकायला किती लहान! बारांनी गुणा, म्हणजे वर्षाचे ४२ टक्के होतात. शिवाय व्याजावर १८ टक्के जीएसटी. साठ हजारांवर एका महिन्याचे व्याज २,१००, त्यावरचा कर ३७८. मिळून २,४७८ रुपये. बाकी झाली ६२,४७८. तिचे पाच टक्के म्हणजे किमान रक्कम, ३,१२४. भाच्याने ३,१२४ रुपये भरले, त्यांतले २,४७८ व्याजात आणि करात गेले, मुद्दल उतरले फक्त ६४६ रुपयांनी! पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. बँक व्याज दिवसांवर मोजते, त्यामुळे रुपया-दोन रुपयांचा फरक पडेल. पण बारा महिन्यांची बेरीज आम्ही मांडली, तेव्हा त्याने भरलेले पैसे झाले सुमारे ३५,३०० आणि कर्ज साठ हजारांवरून उतरले ५२,७०० वर. या बारा महिन्यांत त्याने त्या कार्डावर एक पैशाचीही नवी खरेदी केलेली नव्हती. याच गतीने कर्ज निम्मे व्हायला आणखी किती काळ, तेही काढले. पहिल्या दिवसापासून ६४ महिने. म्हणजे पाच वर्षे चार महिने.

भाचा वहीकडे बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "मामा, पण बिलावर 'किमान भरा' असंच लिहिलंय ना?"

तसे लिहिलेले होते. आणि नुसते किमान भरत राहिल्यास परतफेड लांबत जाऊन व्याजावर व्याज चढेल, हा इशाराही त्याच बिलावर होता. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली क्रेडिट कार्डांविषयी सविस्तर नियम घालून दिले, त्यांत असा इशारा बिलावर छापणे बंधनकारक केले. छापलेला होता, फक्त मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत.

इतके झाल्यावर त्याने खिशातून आणखी एक कागद काढला. चेहऱ्यावर थोडा उजेड आला होता. दुसऱ्या एका बँकेकडून त्याला दुसरे पूर्वमंजूर कार्ड देऊ केले होते. जुन्या कार्डाची बाकी या नव्या कार्डावर वळवून घ्या, सहा महिने व्याज अगदी नाममात्र! "मामा, हे घेतलं की सुटलो. उद्याच होकार कळवतो," तो म्हणाला.

मी म्हटले, "उद्या सकाळपर्यंत थांब."

त्या रात्री इंदापूरला मला काही झोप आली नाही. गणिताच्या मास्तराचे काम संपले होते, आता इतिहासाचा मास्तर जागा झाला.

आमच्या बारामतीला सावकारी नवी नाही. कऱ्हेकाठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे. कविवर्य मोरोपंतांना आश्रय देणारे ते हेच घराणे. बाबूजी नाईक पेशव्यांचे सावकार. शिवाय सोयरेही, कारण पहिल्या बाजीरावांची बहीण भिऊबाई नाईकांच्याच घरात दिलेली. १७४० साली बाजीराव वारले. नानासाहेबांना पेशवाई मिळू नये म्हणून रघूजी भोसल्यांनी बाबूजींचे नाव पुढे केले, आणि बाबूजींनी थकलेल्या कर्जाचा असा तगादा लावला, की महादोबा पुरंदऱ्यांना मध्ये पडून ते निस्तरावे लागले. मेव्हण्याच्या मुलाला जिथे सूट नाही, तिथे इतरांची काय कथा! असो. ही मोठ्यांची गोष्ट झाली.

लहानांची गोष्ट सुप्याची. मोरगावच्या मयूरेश्वराचे दर्शन घेऊन चौफुल्याकडे निघाले, की सुपे लागते. आज ते बारामती तालुक्यात आहे. त्या वेळी भीमथडी तालुक्यात होते. १२ मे १८७५ हा तिथला बाजारचा दिवस होता. भोवतालच्या खेड्यांतले कुणबी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. तिथून दंगल भीमथडी, इंदापूर, शिरूर अशी पसरत अहमदनगर जिल्ह्यापर्यंत गेली. पुढे सरकारने चौकशीसाठी कमिशन नेमले. त्याच्या अहवालात नोंदलेली एक गोष्ट मला नेहमी विचारात पाडते. लोकांना हवे होते ते कर्जरोखे, हुकूमनामे आणि वह्या. जिथे सावकाराने मुकाट्याने कागद काढून दिले, तिथे बहुधा त्याच्या अंगाला कोणी हात लावला नाही. कागद जाळले आणि माणसे घरी गेली.

एवढा राग कागदावर का? त्याचे मूळ दहा-पंधरा वर्षे मागे आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेला मिळेनासा झाला, आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांना दख्खनच्या कापसाची एकाएकी आठवण झाली. पैसा गावोगाव वाहू लागला. जो सावकार पूर्वी दारात उभे करीत नसे, तोच घरी येऊन पैसे देऊ लागला; कापसाच्या एकरामागे शंभर-शंभर रुपये आगाऊ! आजच्या भाषेत बोलायचे, तर ते सारे शेतकरी 'पूर्वमंजूर' झाले होते. १८६५ साली युद्ध संपले, कापूस उतरला, पैशाचा ओघ आटला. त्याच सुमारास इंदापुरातला शेतसारा ठरवून दिल्याला तीस वर्षे होऊन फेरआकारणी झाली आणि सारा बराच चढला. देणे होते तेवढेच राहिले, हात आखडला.

त्यात रोख्याची एक मेख होती. १८५९ च्या कायद्याने अशा रोख्याला तीन वर्षांची मुदत घातली. हेतू चांगला होता. व्याज अनंतकाळ साचू नये हा. पण व्यवहारात झाले असे, की तीन वर्षे भरत आली म्हणजे सावकार नवा रोखा लिहून घेई, आणि साचलेले व्याज मुदलात मिळवून त्या सगळ्यावर पुन्हा व्याज धरी. कुणब्याला अक्षर येत नसे. तो अंगठा उठवी.

अंथरुणावर पडल्या पडल्या माझ्या मनात आले, की रोखा तीन वर्षांनी फिरत असे, भाच्याचे बिल दर महिन्याला फिरते आहे. आणि हा मुलगा तर पदवीधर आहे.

सुप्याच्या दंग्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी मदत कायदा निघाला. तो आज नाही. पण त्यातल्या तरतुदी वाचून अजूनही कौतुक वाटते. कुणब्याचा रोखा गावच्या निबंधकासमोर लिहिला गेला पाहिजे, त्यातल्या अटी त्याला समजावून सांगितल्या पाहिजेत, सावकाराने पावती दिली पाहिजे, मागितल्यास हिशेबाचा उतारा दिला पाहिजे. शिवाय कोर्टाला मुभा दिली, की नुसता शेवटचा रोखा न पाहता व्यवहाराच्या मुळापर्यंत जाऊन खरे देणे किती ते ठरवावे. आपल्याकडे दामदुपटीचा जुना दंडकही होताच : थकलेले व्याज मुदलाच्या वर जाऊ द्यायचे नाही.

कार्डाच्या व्यवहाराला यातले कोणतेही छत्र नाही, हे मात्र स्वच्छ समजून घेतले पाहिजे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली निकाल दिला होता, की क्रेडिट कार्डावर वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित प्रथा आहे. तो निकाल २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला. व्याज जबर आहे एवढ्याच कारणावरून कोर्टाने बँकेचा व्यवहार उकरून काढू नये, अशी तरतूद बँकिंग कायद्यात आहेच. तेव्हा दर किती, हे पाहण्याची वेळ सही करण्यापूर्वीची, नंतरची नव्हे.

सकाळी चहाचे कप बाजूला सारून मामा-भाचे पुन्हा वही घेऊन बसलो. नव्या ऑफरच्या पुढच्या पानावर एका हसऱ्या कुटुंबाचे चित्र होते. ते पान मी उलटे करून ठेवले आणि मागचे वाचायला घेतले. सहा महिने दरमहा ०.९९ टक्के व्याज. बाकी वळवण्याचे शुल्क दोन टक्के आणि त्यावर कर. सातव्या महिन्यापासून नेहमीचा दर, दरमहा ३.६ टक्के. प्रामाणिकपणे सांगतो, जुन्या कार्डावर कुजत राहण्यापेक्षा हे बरे होते. ज्याला सहा महिन्यांत सगळी रक्कम उलगडणे शक्य आहे, त्याने अशी ऑफर जरूर घ्यावी. पण त्यासाठी दरमहा नऊ-साडेनऊ हजार भरायला हवेत. भाच्याची ताकद तीन हजारांची. तेवढे भरून सहा महिन्यांनी बाकी राहते ३९,३०० रुपये, आणि मग पुन्हा ते जुनेच चक्र. शिवाय जुन्या कार्डाची एक लाखाची मर्यादा मोकळी होणार, नव्याची निराळी. घरात दोन कार्डे आणि पुढे बहिणीचे लग्न!

"तुमच्या कारखान्यात पतसंस्था आहे ना?" मी विचारले.

"आहे. पण तिथे फॉर्म भरायचा, दोन जामीन द्यायचे, चिटणिसांपुढे उभं राहून कारण सांगायचं. लाज वाटते मामा."

खरी गोष्ट ही होती. कार्डाने त्याला काही विचारले नव्हते. पतसंस्था मात्र पगार किती, खर्च काय, फेडणार कसे, असे चार प्रश्न विचारणार. मी म्हटले, हे चार प्रश्न कोणीतरी विचारायलाच हवे होते. बँकेने विचारले नाहीत, तर निदान आपले आपण तरी. पतसंस्थेचा दर वर्षाला १२ टक्के. ५२,७०० रुपये दोन वर्षांसाठी घेतले, तर हप्ता २,४८० च्या घरात. कार्डाच्या किमान रकमेपेक्षा कमी, आणि चोविसाव्या महिन्याला शेवट! तो आकडा पाहून पोराने मलाच उलट विचारले, की आधी का नाही आलो तुमच्याकडे. त्याचे उत्तर माझ्याकडेही नव्हते. मामा एका एस.टी.च्या अंतरावर होता. कार्ड कपाटात होते.

पुढच्या पंधरवड्यात जामीन मिळाले, कर्ज मिळाले, कार्डाची बाकी चुकती झाली. कार्ड बंद करा असे बँकेला लेखी कळवले. बाकी शिल्लक नसेल, तर अर्जापासून कामाच्या सात दिवसांत बँकेने कार्ड बंद केले पाहिजे, नाही तर उशिराच्या दर दिवसाला ५०० रुपये दंड ग्राहकाला द्यावा, असाही रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो माहीत आहे असे अर्जात नम्रपणे सूचित केले. काम पाचव्या दिवशी झाले.

या एका प्रकरणाने मला असा काही नाद लागला, की आता आळीत कोणालाही असले पत्रक आले, की ते माझ्याकडे येते. चाळिशीचा चष्मा लावून मी मागचे पान वाचतो. त्या वाचनातून चार गोष्टी ध्यानात आल्या, त्या सांगून टाकतो.

पहिली गोष्ट, 'पूर्वमंजूर' या शब्दाचा अर्थ. बँकेने आपल्या खात्याची उलाढाल पाहिली, कर्जफेडीचा इतिहास पाहिला आणि यादीत आपले नाव घातले, एवढाच तो अर्थ. अखेरची मंजुरी राखून ठेवलेली असते. बारीक अक्षरांत तसे लिहिलेलेही असते. आपला हा इतिहास सांभाळणाऱ्या चार कंपन्या देशात आहेत. सिबिलचे नाव सर्वांनाच ठाऊक आहे. ३०० ते ९०० असे त्यांचे गुण असतात आणि वर्षातून एकदा प्रत्येक कंपनीकडून आपले प्रगतिपुस्तक फुकट मागवता येते. मुलांचे प्रगतिपुस्तक पाहतो तसे ते प्रत्येकाने दिवाळीच्या सुट्टीत एकदा पाहावे. ऑफर आली म्हणून गुण घटत नाहीत. पण हौसेने चार-पाच ठिकाणी अर्ज ठोकले, की प्रत्येक अर्जाची चौकशी तिथे नोंदली जाते.

दुसरी, ते 'पन्नास दिवस बिनव्याजी'. हे खोटे नाही, पण अर्धे आहे. समजा, बिल दर महिन्याच्या १० तारखेला निघते आणि भरायची तारीख २८. तुम्ही ११ ऑक्टोबरला खरेदी केली, तर २८ नोव्हेंबरपर्यंत ४८ दिवस मिळाले. तीच खरेदी ९ नोव्हेंबरला केली, तर १९ च दिवस. आणि ही सवलत पूर्ण बिल भरणाऱ्याला. थोडी जरी बाकी ठेवली, की ती सवलत गेली. व्याज खरेदीच्या तारखेपासून, आणि नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून. कार्डाने एटीएममधून रोख काढणाऱ्याला तर ही सवलत कधीच नसते, वर शुल्क वेगळे. माझी मुलगी पुण्यात सहा वर्षे कार्ड वापरते. किराणा, विजेचे बिल, सारे त्यावर. आणि तारखेच्या आत पूर्ण रक्कम खात्यातून आपोआप वळती करून टाकते. तिने आजवर एक रुपया व्याज भरलेले नाही. असे ग्राहक बँकेला परवडतात कसे, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, "बाबा, ते दादासारख्यांच्या पैशांतून." दादा म्हणजे तिचा इंदापूरचा आतेभाऊ.

'आजीवन मोफत' याबद्दल फार लिहीत नाही. वर्षाची वर्गणी नाही, एवढेच त्यात. उशिराचे शुल्क, परदेशी खर्चावरचे शुल्क वगैरे पाहुणे मागच्या दाराने येतात. पॉइंटांचेही तसेच. एका पत्रकात शंभर रुपयांच्या खरेदीला एक पॉइंट होता आणि त्याची किंमत पाव रुपया. पाव रुपयासाठी शंभराची नको ती वस्तू घेणारे लोक मात्र मी पाहिले आहेत.

आणि चौथी, न मागता कार्ड घरी आलेच तर काय? ही खोड जुनी आहे. १९५८ च्या सप्टेंबरात अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नो या गावी एका बँकेने साठ हजार कार्डे टपालाने घरोघर पाठवून दिली. कोणी मागितली नव्हती. गाव आमच्या इंदापूरसारखेच, द्राक्षांच्या आणि फळांच्या बागांमधले. तिथून ती पद्धत इतकी फोफावली, की १९७० साली अमेरिकेला न मागितलेली कार्डे पाठवण्यावर बंदी घालावी लागली. आपल्याकडेही न मागता कार्ड देण्याची मनाई आहे. तसे देऊन आकारणी केली, तर ती रद्द करून वर तिच्या दुप्पट रक्कम दंड म्हणून ग्राहकाला द्यावी लागते. संमतीवाचून मर्यादा वाढवणेही नियमाबाहेर. बँक ऐकत नसेल, तर तिच्याकडे लेखी तक्रार करून तीस दिवसांनी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याला पैसा पडत नाही.

पण बँकेच्या नावाखाली भलताच कोणी स्थळ घेऊन येतो, त्याचे काय! आमच्या आळीतल्या एका निवृत्त कारकुनांना 'पूर्वमंजूर कार्ड सुरू करून देतो' म्हणून फोन आला. त्यांनी फोनवर ओटीपी सांगितला आणि निवृत्तिवेतनातले अठरा हजार रुपये निघून गेले. खरी बँक ओटीपी विचारीत नाही. बँकांनी जाहिरातीचे फोन १४० ने आणि खात्यासंबंधीचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरूनच करावेत, असे रिझर्व्ह बँकेने २०२५ साली ठरवून दिले. आणि फसगत झालीच, तर लाजत न बसता लागलीच १९३० या क्रमांकावर कळवावे. वेळ गेला, की पैसे हात बदलतात.

धनत्रयोदशीला दुपारी त्या माझ्या 'स्थळा'चा फोन आला. क्रमांक १४० चाच होता. मुलगी गोड बोलत होती, मराठी बोलत होती. मी विचारले, "बाई, व्याज वर्षाला किती टक्के?" ती म्हणाली, "सर, दरमहा फक्त ३.७५." मी म्हटले, "वर्षाचं विचारलं." पलीकडे थोडा वेळ काही ऐकू आले नाही, बहुधा ती गुणाकार करीत असावी. मग "सर, पंचेचाळीस," असे ती इतक्या हळू म्हणाली, की मलाच वाईट वाटले. तिचा काय दोष? तिलाही महिन्याला ठराविक कार्डे खपवायची असणार. सगळ्या अटी कागदावर पाठवा, वाचून कळवतो, असे सांगून मी तिला दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या.

"काय ठरलं मग तुमचं?" सौ.नी स्वयंपाकघरातून विचारले.

"पत्रिका मागवलीय," मी म्हटले.

परवा ताईचा फोन येऊन गेला. पतसंस्थेचे अकरा हप्ते फिटले. हप्त्यातून उरेल ते साठवून भाच्याने एक पाटली दसऱ्याला सोडवून आणली. दुसरी संक्रांतीपर्यंत येईल म्हणतो. एकाच हातात पाटली घालून ओवाळायला बरे दिसेल का, हा तिचा प्रश्न होता. मी म्हटले, तबक ज्या हाताने धरशील त्याच हातात घाल. सकाळची एस.टी. सव्वासातला आहे.